गावकीच्या निकालाची नक्कल कुठे मिळते?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही दिवस गावकीवरून, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या पंचायतीवरून, जी चर्चा चालू आहे, ती मी रोज वाचते आहे. गुहागरकडच्या एका वाचकाने लिहिलं की कोर्टात बांधाचा दावा आजोबा लावतात आणि निकाल नातू ऐकतो, तेव्हा किरकोळ चोऱ्या, मारामाऱ्या, बांधाची भांडणं पुन्हा गावकीकडे द्यावीत. त्याला उत्तर देताना दुसऱ्या एका वाचकाने विचारलं, ‘मग काय आदिवासी टोळ्यांसारखा खुनाला खून करत बसायचं?’ मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या न्यायालयांत नोकरी केली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर रोजनामे लिहिले, नकला दिल्या, पुकारे ऐकले. दोन्ही पत्रांतलं काहीतरी मला बोचलं, म्हणून हे सविस्तर पत्र. लांबलं तर कापा, पण चेरोकींबद्दलचा भाग कापू नका अशी विनंती.

ज्यांना आपण सरसकट ‘टोळ्या’ म्हणतो, त्यांच्यापैकी एका राष्ट्राचा इतिहास मी निवृत्तीनंतर वाचला. चेरोकी हे अमेरिकेच्या आग्नेय भागातले, आजच्या जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ मुलखातले लोक. त्यांची सात कुळं आणि कूळ चालायचं आईकडून. खुनाचा जुना कायदा याच कुळांच्या हाती होता. माझ्या कुळातला माणूस तुमच्या कुळातल्या माणसाच्या हातून गेला, तर तुमच्या कुळातला एक जीव देणं लागतो. मारणाराच सापडला तर तो, नाही तर त्याचा भाऊ. हातून चुकून घडलं की मुद्दाम केलं, हा प्रश्नच नव्हता. जीव गेला, एवढंच मोजायचं. आणि सख्ख्या भावाने भावाला मारलं तर? तर मागणारं कूळही तेच आणि देणारंही तेच, म्हणजे कुणी कुणाकडे मागायचं? हिशेब तिथेच मिटायचा.

दुसऱ्या पत्रलेखकाला इथपर्यंतच माहीत असावं. पुढचं जे आहे ते फौजदारी कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

११ सप्टेंबर १८०८ रोजी ब्रूम्स टाउन या गावी भरलेल्या सभेत चेरोकींनी आपला पहिला लेखी कायदा केला. त्या काळात सरहद्दीवर घोडे पळवणाऱ्यांचा सुळसुळाट होता. गोऱ्यांचे घोडे चेरोकी पळवत, चेरोकींचे गोरे, आणि एकेका घोड्यावरून गावं पेटत. म्हणून सहा-सहा जणांची घोडेस्वार पथकं नेमली: एक कप्तान, एक लेफ्टनंट आणि चार शिपाई. पगार राष्ट्राच्या तिजोरीतून, वर्षाला कप्तानाला ५० डॉलर, लेफ्टनंटला ४०, शिपायाला ३०. घोडा चोरल्याचं एकदोन साक्षीदारांनी सिद्ध झालं की उघड्या पाठीवर १०० फटके, माल कमी किमतीचा असेल तर त्या मानाने कमी. विधवेचा आणि मुलांचा वाटा राखणं हेही त्याच पथकाचं काम. आणि शेवटी एक कलम असं, की आरोपी हत्यार घेऊन पथकावर उलटला आणि त्यात मारला गेला, तर त्याच्या कुळाने पथकातल्या कुणाचंही रक्त मागायचं नाही.

हे शेवटचं कलम नीट बघा. पिढ्यान्पिढ्यांचा रक्ताचा हिशेब एका वाक्याने एका ठिकाणी थांबवला. जो शिपाई राष्ट्राच्या हुकमाने काम करतो तो आता कुठल्या कुळाचा म्हणून मोजला जाणार नाही. असं वाक्य लिहायला किती लोकांची समजूत काढावी लागली असेल, याचा अंदाज आपल्याकडे वाडीतल्या एका बैठकीला बसलेल्या माणसालासुद्धा येईल.

दोनच वर्षांनी, १८ एप्रिल १८१० रोजी, सातही कुळं एकत्र बसली आणि मागचे सगळे हिशेब सोडून दिल्याचं त्यांनी लिहून काढलं. यापुढे चुकून जीव गेला तर मारणारा दोषी नाही. आणि भावाने रागाच्या भरात भावाला मारलं तर तो खुनीच. जुन्या कायद्यातली दोन्ही भोकं बुजवली. बाहेरून कुणी साहेब येऊन त्यांनी हे करून घेतलं नाही. शेजारच्यांचा दबाव होता, जमीन जाण्याची भीती होती, हे खरं, पण हात त्यांचे होते आणि सह्याही त्यांच्याच.

मग १८२० मध्ये मुलूख आठ जिल्ह्यांत वाटला गेला. प्रत्येक जिल्ह्याला न्यायाधीश आणि मार्शल. दोन-दोन जिल्ह्यांमागे एक फिरता न्यायाधीश, त्याच्या सोबत घोडेस्वारांचं पथक. आपल्या वाचकांना ‘सर्किट’ हा शब्द आता नवा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गची अपिलं तिकडे गेली. त्याआधी राजापूरचा पक्षकार रात्रीची गाडी धरून मुंबईला जायचा, दिवसभर फोर्टात उभा राहायचा आणि तारीख घेऊन परत यायचा. न्यायाधीशाने लोकांकडे जायचं की लोकांनी न्यायाधीशाकडे, याचं उत्तर चेरोकींनी दोनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं होतं. १८२२ मध्ये त्यांनी वरचं न्यायालय स्थापन केलं आणि पुढच्या वर्षी ते बसू लागलं. म्हणजे खालचा निकाल पटला नाही तर वर जाण्याची सोय झाली. पंच म्हणून ज्युरी बसायची.

सगळ्यात मोठी गोष्ट निराळीच. सेक्वोया नावाच्या, इंग्रजी लिहिता-वाचता न येणाऱ्या एका माणसाने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेची स्वतंत्र लिपी तयार केली. काही वर्षांतच घराघरांत लोक वाचू लागले. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इचोटा या त्यांच्या राजधानीत ‘चेरोकी फिनिक्स’ हे वर्तमानपत्र निघालं, काही मजकूर इंग्रजीत, काही चेरोकीत, संपादक इलायस बुडिनॉट. त्या वर्तमानपत्रात राष्ट्राचे कायदे छापले जात. चोरी केली तर किती फटके, दावा कुठे लावायचा, सगळं माणसाला आपल्या भाषेत, आपल्या चुलीपुढे बसून वाचता येत होतं.

आता माझ्या मुद्द्यावर येते.

माझी मावशी कोकणातल्याच एका समुद्रकाठच्या गावात राहायची. नवरा गेलेला, मुलगा मुंबईत गोदीत. घरामागच्या पाणंदीवरून शेतात जायची तिची वहिवाट. शेजाऱ्याने चिऱ्याचा गडगा घातला आणि वाट बंद केली. गावकीत विषय गेला. गावकीने सांगितलं, वाट सोड. तिने सोडली नाही. मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज केला, तो करायचा तिला पूर्ण हक्क होता. अर्ज केला हाच गुन्हा झाला. त्या पावसात लावणीला तिच्या शेतात एक माणूस उतरलं नाही. गिरणीवाल्याने तांदूळ परत पाठवले. मासे घेऊन येणारी बाई तिच्या दारासमोरून पाटी डोक्यावर ठेवूनच पुढे जाऊ लागली. आणि शिमग्यात घरोघर येणारी ग्रामदेवतेची पालखी तिच्याकडे आली नाही. अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटीचं खण-नारळ सुपात मांडून ती दारात उभी होती. ढोल जवळ आले, पालखी वळणावर दिसली, आणि रस्त्यानेच पुढच्या घरी गेली. कोकणातल्या माणसाला मी याहून जास्त सांगायची गरज नाही. वर्षभर मुंबईत राबून पोरं ज्या एका दिवसासाठी येतात, तो दिवस तिच्या घरावरून पुसून टाकला.

ती पोलीस ठाण्यात गेली तेव्हा तिला विचारलं गेलं, ‘तुम्हाला वाळीत टाकलंय याचा ठराव कुठाय?’ ठराव कुठून असणार? कुणी काही लिहिलंच नव्हतं. कुणी सांगितलं, कुणी ठरवलं, किती दिवसांसाठी, दंड भरला तर सुटका आहे की नाही, कशाचाही कागद नाही. ज्या निकालाची नक्कल मिळत नाही त्याच्यावर अपील कुठे करणार? मी रोज दोन रुपये, पाच रुपये स्टँप घेऊन लोकांना सही-शिक्क्याच्या नकला देत होते, आणि माझ्या मावशीला तिच्याच शिक्षेची नक्कल देऊ शकत नव्हते.

गुहागरच्या वाचकाला मी हे सांगते आहे. गावकीने तडजोड करावी, चांगलंच आहे. मी स्वतः कितीतरी दावे कोर्टाच्या व्हरांड्यात, दोन्हीकडचे वडीलधारे बसून मिटलेले पाहिलेत. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, तिच्यात तडजोडीची नोंद होते. तलासरी-डहाणूसारख्या अनुसूचित भागात तर १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला रूढीप्रमाणे तंटे सोडवण्याचा मान दिला आहे. पण शिक्षा करायची असेल तर चेरोकींनी जे केलं ते करावं लागतं. आधी लिहा. सगळ्यांना वाचता येईल असं लावा. साक्षीदार बोलवा. आरोपीला बोलू द्या. आणि वर दाद मागायची वाट ठेवा. यातलं काहीही नसताना जे होतं त्याला जुनी परंपरा म्हणा, दबाव म्हणा, पण न्यायालय म्हणू नका.

चेरोकींच्या कायद्याला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. जुन्या व्यवस्थेत बायकांचा शब्द जड होता, कूळ त्यांच्याकडून चालत होतं. १८२७ च्या राज्यघटनेने मत फक्त पुरुषांना दिलं. आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यातून वगळलं, आणि चेरोकींमध्ये गुलाम बाळगणारे श्रीमंत लोक होते, गुलामांवर कडक कायदेही होते. लेखी कायदा झाला म्हणजे तो न्यायाचाच झाला असं नाही. पण लेखी असल्यामुळेच आज दोनशे वर्षांनी त्यांचे वंशज त्यावर बोट ठेवू शकतात, आणि ठेवतात.

आता दुसऱ्या वाचकासाठी. ‘टोळ्यांचा’ न्याय रानटी आणि गोऱ्यांचा सुधारलेला, असं जर मनात असेल तर १८३० सालचं जॉर्जिया राज्य पाहावं. चेरोकींच्या जमिनीत सोनं सापडलं होतं. जॉर्जियाने त्यांच्या मुलखावर आपला कायदा लागू केला. गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकीची साक्ष कोर्टात घ्यायची नाही, असा नियम झाला. मला वाटतं, इतकं एकच वाक्य वाचून कोर्टात काम केलेल्या कुणालाही पुढचं कळेल: तुमच्या घरात शिरून कुणी गुरं नेली आणि बघणारे सगळे तुमच्याच रक्ताचे, तर साक्षीदार शून्य. डिसेंबर १८३० मध्ये आणखी एक कायदा झाला, चेरोकींनी न्यायालय भरवणं हाच गुन्हा, शिक्षा चार वर्षं सक्तमजुरी. त्याच महिन्यात जॉर्ज टॅसल या चेरोकी माणसाला जॉर्जियाने फाशी दिली. त्याच्यावरचा आरोप चेरोकी मुलखात दुसऱ्या चेरोकीचा खून केल्याचा होता, म्हणजे तो खटला चेरोकी न्यायालयाचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाला हजर राहण्याचा हुकूम काढला होता. तो पोचलेला असताना २४ डिसेंबरला फाशी उरकली.

१८३२ मध्ये सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याच्या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही. निकाल चेरोकींच्या बाजूचा. अंमलबजावणी शून्य. वरच्या कोर्टाचा हुकूमनामा हातात असून कब्जा न मिळालेला पक्षकार मी पाहिला आहे, बेलिफाबरोबर जागेवर गेले आहे, आणि तो माणूस गडग्याबाहेर उभा राहून जे बघतो ते मी विसरू शकत नाही. चेरोकींच्या बाबतीत संपूर्ण राष्ट्र तसं उभं होतं. १८३५ मध्ये थोड्याशा लोकांनी सही केलेल्या तहाच्या आधारे, १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार माणसांना पश्चिमेला हाकलण्यात आलं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४ हजार मेली असा अंदाज सांगतात.

आणि या इतिहासातला जो भाग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो यानंतरचा आहे. राष्ट्राची संमती नसताना जमीन विकणाऱ्याला देहान्त, असा चेरोकींचा १८२९ चा लेखी कायदा होता. २२ जून १८३९ रोजी नव्या मुलखात त्या तहावर सही करणाऱ्यांपैकी तिघांना एकाच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी मारण्यात आलं: मेजर रिज, त्यांचा मुलगा जॉन रिज, आणि ‘फिनिक्स’चे पहिले संपादक इलायस बुडिनॉट. खटला नाही, बचाव नाही, ज्युरी नाही. ज्या लोकांनी तीस वर्षं खपून रक्ताचा हिशेब थांबवला, त्यांच्यातच तो पुन्हा सुरू झाला आणि १८४६ च्या तहापर्यंत कितीतरी जीव घेऊन गेला. तहावर सही करणाऱ्यांनी जमीन विकून घोर अन्याय केला असं मानणाऱ्यांचा राग मला कळतो. पण न्यायालय असताना ते भरवलं नाही, हेही तितकंच खरं आहे. न्यायाचं घर बांधायला पिढी लागते आणि एका रात्रीत लोक त्याच्याकडे पाठ फिरवू शकतात. म्हणून मला ‘गावकीतले लोक चांगले आहेत, ते अन्याय करणार नाहीत’ हा युक्तिवाद पुरत नाही. चेरोकींचेही लोक चांगलेच होते.

त्यांनी पुन्हा उभं केलं, हे मात्र सांगायलाच हवं. माझी भाची ओक्लाहोमात टल्सा शहरात नोकरीला आहे. तिच्याकडे गेले होते तेव्हा ती मला गाडीने तालेक्वाला घेऊन गेली, ही चेरोकींची नवी राजधानी. रस्त्यांच्या पाट्या इंग्रजीत आणि खाली सेक्वोयाच्या लिपीत. चौकाच्या कडेला विटांची दुमजली साधी इमारत आहे, आपल्याकडच्या जुन्या मामलेदार कचेरीएवढीसुद्धा नाही. हे १८४४ साली बांधलेलं त्यांचं सर्वोच्च न्यायालय, ओक्लाहोमा राज्यात उभी असलेली सर्वांत जुनी सरकारी इमारत. त्याच इमारतीत त्यांचं दुसरं वर्तमानपत्र ‘चेरोकी ॲडव्होकेट’ छापलं जायचं. न्यायालय आणि छापखाना एका छपराखाली! संपादक महोदय, मी त्या पायरीवर बराच वेळ बसले. थोड्या अंतरावर वालुकाश्माच्या दगडांचा तुरुंग आहे, १८७५ चा. आता दोन्ही ठिकाणी संग्रहालयं आहेत.

ही न्यायालयं किती भक्कम होती हे १८९६ च्या एका खटल्यावरून कळतं. टॅल्टन नावाच्या चेरोकीला खुनासाठी चेरोकी न्यायालयाने फाशी सुनावली. त्याचं म्हणणं, आरोपपत्र ठेवणाऱ्या मंडळात पाचच माणसं होती, अमेरिकेच्या घटनेप्रमाणे हे चालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चेरोकींचा स्वतःचा कारभार चालवण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेतून आलेला नाही, तो तिच्याआधीचा आहे. एवढा मोठा शब्द १८९६ चा, आणि दोनच वर्षांनी १८९८ च्या कर्टिस कायद्याने अमेरिकेच्या संसदेने तीच न्यायालयं बंद करून टाकली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. पुढे कित्येक दशकं त्या इमारती होत्या आणि न्यायाधीश नव्हते.

जुलै २०२० मध्ये मॅकगर्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या क्रीक राष्ट्राचा राखीव मुलूख संसदेने कधीच रद्द केला नव्हता असं ठरवलं, आणि मार्च २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने तोच नियम चेरोकींना लावला. चेरोकी मुलखातल्या चेरोकी आरोपीवर खटला चालवण्याचा राज्याचा अधिकार संपला. चेरोकींनी सरकारी वकील नेमले, न्यायाधीश वाढवले, पोलीस वाढवले, हजारो खटले दाखल केले. मर्यादा अजून आहेत. त्याच न्यायालयाच्या १९७८ च्या निकालामुळे, थोडे अपवाद सोडले, तर मूळ अमेरिकन नसलेल्या माणसावर त्यांना फौजदारी खटला चालवता येत नाही. आणि एका गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा, तीही २०१० च्या कायद्यातल्या अटी पाळल्या तरच. त्या अटी गुहागरच्या वाचकाने कृपया वाचाव्यात: आरोपीला वकील द्यायचा, न्यायाधीश कायदा शिकलेला हवा, फौजदारी कायदे लोकांना वाचायला उपलब्ध हवेत, आणि कामकाजाची नोंद ठेवायची. नोंद ठेवायची, म्हणजे रोजनामा. आणि रोजनामा असला की नक्कल मिळते.

माझी मावशी आता नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ मध्ये झाला, जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याने बहिष्कार टाकणाराच नव्हे, तर टाकायला बसलेल्या बैठकीत मत देणाराही दोषी ठरू शकतो. हे आमच्या तालुक्यातल्या किती मानकऱ्यांना माहीत आहे? मी ओळखीच्या लोकांना विचारते तेव्हा बहुतेकांनी या कायद्याचं नावही ऐकलेलं नसतं. पीडित बाईला अर्ज कुठे द्यायचा, कलेक्टर काय करू शकतात, हे सांगणारं कुणी गावात नसतं.

म्हणून माझी आपल्याकडे एक मागणी आहे. हा कायदा मोठा नाही, आपल्या अंकाच्या एका पानात मावेल. येत्या फाल्गुनात, पालख्या देवळाबाहेर पडण्याआधी, तो संपूर्ण मराठीत, कलमांसकट, ठळक टायपात छापा. अर्ज कुठे आणि कसा द्यायचा हेही खाली द्या. कागदाचा आणि छपाईचा काही खर्च येत असेल तर कळवा, माझ्या पेन्शनीतून मी देईन. ते पान आमच्या वाडीच्या एसटी थांब्यावर आणि रेशन दुकानावर लावायची जबाबदारी माझी.

आपली,
एक निवृत्त शिरस्तेदार
राजापूर, जि. रत्नागिरी